एक्केचाळीस घरांचं बोलावणं

२० जानेवारी, सकाळी ६

पहाटे जाग आली ती त्या आवाजानं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची चौथीची खोली, वर पत्रा, आणि त्याखाली पन्नास पोरं एका दमात कविता म्हणतायत. चालीत. शेवटच्या शब्दावर सगळ्यांचा हेल एकदम खाली. पत्रा थरथरायचा. रस्त्यावरचे बैल थांबायचे असं मला आठवतं, बहुधा थांबत नसावेत.

गुरुजी म्हणायचे, जोतीरामाचं पाठांतर पक्कं. खरं होतं. फक्त मी आवाज काढत नसे. ओठ हलवायचो. पन्नासांत एकोणपन्नास आवाज, आणि कुणालाही पत्ता नाही. पुढं चौतीस वर्षं हायस्कुलात लॅब असिस्टंट म्हणून काढली, तीही त्याच पद्धतीनं. आम्लं, क्षार, काचेच्या बाटलीतला बेडूक. ही मंडळी कधी "काय मग, कसं काय" विचारत नाहीत.

पण आता ते सगळं संपलं. आजपासून मी बोलका माणूस.

कारण: नात अपेक्षा हिचं लग्न. २३ फेब्रुवारीला हळद, २४ ला लग्न, नवरा फलटणचा. माझा मुलगा साईराज, म्हणजे तिचा बाप, फौजेत, रजा २१ फेब्रुवारीपासून. म्हणजे भावकीच्या एक्केचाळीस घरांचं बोलावणं माझ्याकडं. आमच्यात पत्रिका हा नुसता कागद. बोलावणं तोंडानं द्यायचं. उंबऱ्यात उभं राहायचं, पत्रिकेला कुंकू लावून हातात द्यायची, तारीख सांगायची, "सगळ्यांनी यायचं" म्हणायचं, चहा प्यायचा. तोंडी सांगितलं नाही तर बोलावलंच नाही.

आणि पहिलं घर थोरलं. म्हणजे हंबीरराव, माझा चुलतभाऊ, वय ऐंशी, मिशा वेगळ्या. त्यांचं पाऊल मांडवात पडल्याशिवाय आमच्या भावकीत कुठल्या पोरीला हळद लागत नाही.

अपेक्षा काल म्हणाली, आबा, मला बाकी काय नको, हळदीला सगळी भावकी पाहिजे. मी म्हणालो, आलीच समज. (मनात म्हणालो. पण ठामपणे.)

२१ जानेवारी

मोबाईलवर एका सरांचा व्हिडिओ पाहिला. लाजाळूपणावर मात, सहा पायऱ्या. पहिली पायरी: डोळ्यांत पाहून बोला. ते जमत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये पाहा.

लगेच अंमल केला. कडेगावला जाताना एसटीत कंडक्टरबाईंच्या भुवयांमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाई म्हणाल्या, काय आबा, टिकली पडली का माझी? मी खिडकीकडं वळलो. तिकीट मागायचं राहिलं, तेही त्यांनीच आठवण करून दिली, जरा मोठ्यानं.

तरी संवाद झाला. पहिल्याच दिवशी दोन वाक्यं. अर्थात दोन्ही त्यांची.

२३ जानेवारी

पत्रिका छापून आल्या. सुरुवात आजच करणार होतो, पण रंगूबाई म्हणाली पंचक आहे. (रंगूबाई माझी पत्नी. तिचे गुडघे चालत नाहीत, जीभ चालते.) म्हणजे ती तसं म्हणाली नाही. मीच विचारलं, पंचक असेल ना? ती म्हणाली, तुम्हाला कवा नसतं?

२६ जानेवारी

माणसांत मिसळायचं म्हणून शाळेत झेंडावंदनाला गेलो. पाण्याच्या टाकीमागून उत्तम दिसतं. पोरांची कविता झाली, पण आता ती स्पीकरवर लावतात आणि पोरं नुसते हातवारे करतात. वाईट वाटलं. मग वाटलं, ओठ हलवणाऱ्यांचे दिवस आले.

इतक्यात मुख्याध्यापकांनी टाकीमागून मला हुडकून काढलं. म्हणाले, आबा, निवृत्त कर्मचारी म्हणून दोन शब्द बोला. मी दोन शब्द बोललो. "आलोच हं."

घरी येऊन चहा घेतला.

२९ जानेवारी

सराव हवा. व्हिडिओतले सर म्हणतात, आरशासमोर बोला. आरशातला माणूस माझ्याकडं फार रोखून बघतो. म्हणून तोडणी झालेल्या आमच्या उसाच्या रानात गेलो. तिथं सध्या धुळा मेंढरं बसवतो. जत भागातला मेंढपाळ, दरवर्षी खाली येतो, रानाला खत मिळतं. धुळा झाडाखाली तोंडावर पटका टाकून झोपलेला. समोर शंभर-सव्वाशे मेंढरं. आदर्श श्रोते.

मी कुंकवाची पुडी काढली, छाती पुढं केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आमच्या अपेक्षाचं लग्न काढलंय. तेवीस तारखेला सकाळी नऊला हळद, चोवीसला लग्न. सगळ्यांनी यायचं. आधी येऊन उभं राहायचं, पाहुण्यासारखं यायचं नाही!"

एक मेंढरू म्हणालं ब्यां. काय सांगू, अंगावर रोमांच आले. माझाच आवाज! इतकी वर्षं होता कुठं?

मग पटक्याखालून धुळा म्हणाला, येतो की आबा. लय झालं, बोलावलंसा.

मी चटकन घरी आलो. सराव अपेक्षेपेक्षा चांगला झाला असं म्हणायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी

शुभारंभ! आणि एक शोध.

शोध असा: तोडणीच्या दिवसांत दुपारी दोन वाजता गावात घरी कुणी नसतं. सगळे रानात. रस्ते मोकळे, दारं बंद, कुत्रीसुद्धा सावलीला. एकट्या माणसाला माणसांत मिसळायला याहून चांगली वेळ नाही.

पन्नास मिनिटांत नऊ घरं. प्रत्येक दारात थांबलो, कडीला पत्रिका खोचली, कडीलाच कुंकू लावलं आणि हळू आवाजात संपूर्ण बोलावणं म्हटलं. तोंडी सांगितलंच म्हणायचं की. ऐकायला कुणी नसलं तर तो काय माझा दोष?

इतर लोक एका घरी अर्धा तास घालवतात. कसली ही वेळेची नासाडी.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

थोरलं घर झालं. पहिलं करायचं ते दहावं झालं, पण मोठी कामं जरा तयारीनंच करावीत.

त्यांच्यासाठी खास पाकिटावर दोन ओळी रचल्या. भुजंगप्रयात. गण तपासले, चोख.

घरी आमुच्या लागली आज घाई
तुम्ही या, मुले आणि घेऊन आई

"आई" यमकासाठी. पण भावना पोचते.

हंबीरराव सोप्यात बाजेवर झोपले होते. मिशा श्वासाबरोबर वरखाली. मी उंबऱ्यात दहा मिनिटं उभा होतो. दोनदा तोंड उघडलं. मग विचार केला, म्हाताऱ्या माणसाची झोप मोडणं हे कुठल्या संस्कृतीत बसतं? पत्रिका ठेवायची कुठं? उशाला ठेवावी तर जाग येईल. खिडकीत ठेवावी तर वाऱ्यानं जाईल. मग सुचलं. माणूस उठला की पहिल्यांदा पायात काय घालतो? चप्पल. पत्रिका त्यांच्या उजव्या पायाच्या चपलेत नीट उभी करून ठेवली. न चुकता दिसणार.

लॅबमध्ये चौतीस वर्षं काढली की डोकं शास्त्रीय होतं.

८ फेब्रुवारी

एक्केचाळीस! मोहीम फत्ते. वही बंद केली तरी चालेल असं वाटतंय, पण इतिहासासाठी लिहितो.

जेवताना रंगूबाईनं उलटतपासणी घेतली. कुणी काय दिलं? म्हटलं, चहा. एक्केचाळीस घरी? म्हटलं, काही ठिकाणी बिस्किट. मग म्हणाली, हंबीरभावजी काय म्हणाले? मी म्हणालो, शांत होते. हे तर शंभर टक्के खरं.

ती माझ्याकडं पाहत राहिली. भुवयांच्या मध्ये.

१२ फेब्रुवारी

भावकीत विलक्षण शांतता आहे. एरवी पत्रिका मिळाली की बायकांचे फोन येतात, कुठला नवरा, काय करतो, साड्या कुठं घेतल्या. एकही फोन नाही. लोक भारावून गेले असणार. भावना दाटली की माणसाला बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

१५ फेब्रुवारी

अंजना, म्हणजे आमची सून, गिरणीत दळण घेऊन गेली होती. आली ती डबा आपटतच. म्हणाली, आवं आबा, थोरल्या घरी पत्रिका कुठं ठेवलासा?

मी म्हणालो, योग्य ठिकाणी.

ती म्हणाली, चपलेत!

असं कळतं की हंबीरराव उठले, चपलेत पाय घातला, आणि पाय घातला तो थेट गणपतीच्या फोटोवर. पत्रिकेच्या पाकिटावरही गणपती असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नंतर त्यांनी पाकिटावरच्या ओळी नातवाकडून वाचून घेतल्या. म्हणाले, माझ्या आईला जाऊन तीस वर्सं झाली, हळदीला कुठनं आणू तिला? जोत्या आणतो का जाऊन?

वृत्ताबद्दल कुणीच काही बोललं नाही.

उरलेल्या चाळीस घरांनीही कड्यांबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं गाव रानात आहे. एकेकाच्या माडीवर, गोठ्यात, न्हाणीत माणसं होती, आणि मी कडीला बोलावणं देताना ती बघत होती. एका घरच्या पोरानं मोबाईलवर शूटिंग केलंय. अंजना म्हणाली, तुमी कडीला नमस्कार पण करताय त्यात.

करतो. शिष्टाचार आहे.

१६ फेब्रुवारी

अंजना स्कूटीवर, मागं रंगूबाई, मांडीवर कुंकवाची वाटी. दोन दिवसांत चाळीस घरं पुन्हा करणार आहेत. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. रंगूबाई म्हणाली, माझ्या गुडघ्याला लाज नाही.

१७ फेब्रुवारी

चाळीस घरांचं एकच उत्तर. हंबीरराव आले तर आमी आलो.

आणि हंबीररावांचा निरोप असा: ज्यानं चपलेत ठिवली त्यानं येऊन तोंडानं सांगावं. दुसरं कुणी आलं तर चहा मिळंल, व्हकार मिळणार न्हाई.

यात एक चांगली बाजू अशी की त्यांनी एकट्या माझीच खास आठवण काढली.

१८ फेब्रुवारी, रात्रीच्या जेवणाआधी

गेलो होतो. एकटा, पायी, ताठ.

फाटकात पोचलो. हंबीरराव गोठ्यापाशीच उभे. म्हणाले, काय रं जोत्या? एवढंच. वाट बघत राहिले. मला समजलं, माणूस वाट बघतोय. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं, मेंढरांपुढं ते किती सहज निघालं होतं!

मी म्हणालो, म्हैस बघायला आलो.

मग हंबीररावांनी मला म्हैस दाखवली. पुढून दाखवली, मागून दाखवली. दात दाखवले. वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली ते, सांगितलं, दूध सांगितलं, तिच्या आईचा स्वभाव सांगितला. एक तास. मी मान हलवत होतो. शेवटी म्हणाले, घ्यायची हाय का? मी म्हणालो, विचार करतो. ते म्हणाले, दुसरं काय न्हाई ना? मी म्हणालो, नाही.

परत येताना जाणवलं, दोन माणसांमध्ये एक तास संभाषण झालं. हा माझा आजवरचा उच्चांक. मुद्दा तेवढा राहिला.

१९ फेब्रुवारी

नवा प्लॅन. आवाज रेकॉर्ड करून हंबीररावांना मोबाईलवर पाठवायचा. न्हाणीत बसून चौदा वेळा रेकॉर्ड केलं. चौदावं अप्रतिम आलं, आवाजात करुण आणि वीर दोन्ही रस. पाठवायला गेलो तेव्हा अंजना म्हणाली, थोरल्या आबांचा फोन बटणाचा आहे.

कधीकधी परिस्थितीच माणसाच्या विरुद्ध असते.

२१ फेब्रुवारी

साईराज आला. दाढी चकाचक, पाठ ताठ, सगळा प्रकार ऐकून घेतला, हसला नाही. फौजेत हसू कसं दाबतात ते शिकवत असावेत. म्हणाला, चला आबा, मी येतो बरोबर, तुमी फक्त एक वाक्य बोलायचं, बाकी कव्हर मी देतो.

गेलो. हंबीररावांनी साईराजला कडक सॅल्यूट मारला, चहा दिला, सरहद्दीवरची थंडी विचारली. मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. साईराजनं माझ्या पाठीला हळूच बोट लावलं.

मी म्हणालो, पाणी मिळेल का?

मिळालं. गार होतं.

येताना साईराज गाडीत काही बोलला नाही. मीही नाही. आमचं एकमेकांशी तसं पहिल्यापासून छान जमतं.

२२ फेब्रुवारी, दुपारी

मांडव उभा राहिला. दोनशे खुर्च्या आल्या. पिवळी कापडं, झेंडूच्या माळा, स्पीकर. उद्या नऊला हळद.

हंबीररावांकडं आज जाणारच होतो. दोनदा चप्पल घातली. पण मांडववाल्यांवर लक्ष ठेवायला घरात कुणी पुरुषमाणूस हवा. (साईराज आहे. पण तो रजेवर आहे.)

अपेक्षा माझ्याजवळ येऊन बसली. हाताला मेंदी, म्हणून हात पुढं धरलेले. वाटलं रडेल, भांडेल. तिनं खांद्याला नुसतं डोकं टेकवलं. म्हणाली, असू दे आबा. तुम्हाला नाही जमत तर असू दे. आपण पाच जणांनीच लावू हळद.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडं उत्तरं आहेत.

सहा पायऱ्यांत "असू दे" कुठंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

एक आनंदाची बातमी. पाहुणे आले!

धुळा. सगळं बिऱ्हाड घेऊन. सतरा माणसं. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, धुळाला गुलाबी पटका, आहेर म्हणून नवंकोरं घोंगडं. पहिल्या दोन ओळी त्यांनी भरल्या. मागच्या एकशे त्र्याऐंशी खुर्च्या रिकाम्या.

धुळा येईल त्याला सांगतोय. येत कुणी नाही, म्हणून मांडववाल्यांना आणि आचाऱ्यांना सांगतोय. आवं, आबांनी सोता रानात येऊन बोलावलं मला. काय आवाज! काय ते शबूद! आधी येऊन हुबं ऱ्हा म्हनले, पाव्हन्यावानी येऊ नगंस. आमाला कोण बोलावतंय असं? ह्यो मानूस बोलका हाय, तुमाला ठाव न्हाई.

रंगूबाईनं त्याला तीनतीनदा विचारलं, नक्की हेच होते का?

स्पीकरवाल्यानं मजा म्हणून त्याच्यापुढं माईक धरला. धुळानं सगळं परत सांगितलं. गावभर.

८:२०

मागच्या धान्याच्या खोलीत आलोय. कडी लावलीय. पळून नाही, नियोजनासाठी. इथं गव्हाच्या पोत्यावर वही छान राहते, आणि एक मागचं दार आहे जे घरामागच्या परड्यात उघडतं, म्हणजे हवा येते. बंद असलं तरी फटीतून येते.

मांडवातून काही आवाज नाही. आयुष्यभर आवाज टाळणारा माणूस मी. इतकी शांतता मला आवडायला हवी होती.

अपेक्षा पाटावर बसलीय. पुढच्या दाराच्या फटीतून दिसते. पिवळी साडी. वाटीतल्या हळदीकडं बघतेय.

तेवीस तारीख, सकाळी नऊ, हळद. सगळ्यांनी यायचं. चार तुकडे आहेत. लहान पोरसुद्धा पाठ करील. मला पाठ आहेच. मी फक्त

८:३५

कुणीतरी मागचं दार वाजवतंय. अंजना असणार. उत्तर देत नाही.

८:३७

अंजना नाही. काठीनं वाजवतंय.

८:४०

हंबीरराव!

परड्यातून, शेणाच्या खड्ड्याला वळसा घालून, मागच्या दाराला. ऐंशी वर्षांचा माणूस. वाजवून म्हणाले, जोत्या, हाईस न्हवं आत? लहानपनी पन हितंच दडायचास.

मागच्या दाराच्या फटीतून फेटा दिसतोय. लग्नातला, तुऱ्याचा. परड्याच्या कुंपणापलीकडं रस्त्यावर माणसं उभी आहेत. बरीच. चाळीस घरांची असावीत. सगळ्यांनी फेटे बांधलेत, आणि कुणी पुढं येत नाही.

म्हणाले, मेंढरं राखनाऱ्याला बोलवायला तोंड हाय तुला, मला न्हाई व्हय? म्हशीचं दात बगाय आला हुतास? आरं गड्या, मी फेटा बांधून बसलोय पाच वाजल्यापासनं. बोलाव की.

मी कडीपर्यंत गेलो आणि वही घ्यायला परत आलो.

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली असावी, तसा आवाज आला. आणि जरा खालच्या सुरात म्हणाले, बरं, दार उघडू नगंस. लाजतोस तर आतनंच सांग. मी दाराकडं पाठ करून हुबा ऱ्हातो.

८:४५

सांगितलं.

दाराला तोंड लावून सांगितलं. तारीख सांगितली, वेळ सांगितली, सगळ्यांनी यायचं म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला. मेंढरांपुढं झाला होता तसा नाही. मध्ये एकदा थांबावं लागलं. पण अक्षर एकही गाळलं नाही, आणि ओठांतून नाही, घशातून.

पलीकडून हंबीरराव म्हणाले, आयला, येवढंच हुतं व्हय!

आणि रस्त्याकडं वळून ओरडले, चला रं, बोलावलंय.

आता मांडवात खुर्च्या सरकतायत. दोनशे पुरणार नाहीत असं दिसतं. अपेक्षानं मान वर केलीय.

हंबीरराव मात्र अजून दारातच आहेत. म्हणतायत, जोत्या, कडी काड. तुला घेतल्याबिगर मी मांडवात पाऊल टाकनार न्हाई, आन माझ्याबिगर हळद लागनार न्हाई. समदी बगायला लागल्यात.

समदी म्हणजे साधारण तीनशे.

काढतो. एवढं पान संपलं की काढतोच.